ऋणनिर्देशाचं पान

"मोठ्यानं वाच की," काकू म्हणाल्या. "मला इंग्रजी काय कळतंय? माझं नाव तेवढं वळखू आलं."

पदराला हात पुसून त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं होतं आणि बोट त्या ओळीवर असं दाबून ठेवलं होतं, की उचललं तर नाव उडून जाईल. दुपारचे सव्वातीन वाजले होते. सकाळच्या गाडीने मी दिल्लीहून मिरजेला पोचले होते, माझ्या नव्याकोऱ्या पुस्तकाची पहिली प्रत पिशवीत घालून. ती आईच्या आधी मला काकूंना द्यायची होती. खिडकीपाशी कर्नलसाहेब जुना ट्रान्झिस्टर उघडून बसले होते. ते काकूंचे यजमान. मी त्यांना काका म्हणायची.

मी इंग्रजीचं जागच्या जागी मराठी करत वाचू लागले. "'आणि सगळ्यात शेवटी, मिरजेच्या सौभाग्यवती...'" पुढे मी त्यांचं नाव वाचलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. "'...यांनी जानेवारीतले नऊ दिवस मला लेकीसारखं जेवू घातलं. त्यांच्या हातच्या कुळथाच्या शेंगोळ्यांचं ऋण...'"

आणि माझा आवाज बसला.

मिरज. जानेवारी. नऊ दिवस. आडनाव. ते पान मी स्वतः लिहिलं होतं, तीनदा तपासलं होतं. पण मोठ्याने वाचलं तेव्हाच ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

"बगा, बगा, पोरीला भरून आलं," काकू म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "अवो, ऐकलासा का? दिल्लीतली मानसं वाचणार म्हणं माझं नाव! लगीनपत्रिकेत सुदिक माझं नाव भटजींनी बदलून टाकलं होतं. आता शिरा करती मी. आनि मग पलीकडच्या वहिनींना दावून येती."

"आधी शिरा," काका ट्रान्झिस्टरवरून मान न काढता म्हणाले. "मग वहिनी."

काकू आत गेल्या. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत अकरा वर्षं कंत्राटावर होते, दर वर्षी मार्चमध्ये जीव मुठीत धरून पुढच्या वर्षाच्या पत्राची वाट बघायची. माझा विषय आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि अणुधोरण. आमच्या आत्याबाई लग्नकार्यात माझी ओळख करून द्यायच्या, "ही आमची वृंदा, दिल्लीला बॉम्ब करते." मी म्हणायची, "आत्या, करत नाही, तो पडू नये म्हणून वाचते." त्यावर आत्या, "वाचून थांबतो होय गं?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

पण त्या पुस्तकात मी उत्तराच्या जवळ गेले होते. दोन देश आमनेसामने उभे असताना वरचा हुकूम खालपर्यंत जातो कसा, वाटेत कोणकोणाच्या हातातून जातो, आणि तो चुकीचा असेल तर थांबवायला कोणी असतं का, एवढंच मी विचारलं होतं. उत्तर मला एका माणसाने दिलं. पुस्तकात त्याचं नाव नव्हतं. तो होता 'अधिकारी क्रमांक सात'.

तो अधिकारी आता माझ्यासमोर ट्रान्झिस्टरची तार सोलत बसला होता.

बारा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात सीमेवर तणाव होता आणि ते एका संपर्क-कक्षात ड्यूटीवर होते. युद्धसज्जतेची पायरी चढवा, असा संदेश आला. ओळखीच्या खुणा जुळत होत्या, सगळं रीतसर होतं. संदेश आला की त्याच क्षणी पुढे धाडायचा, हा नियम. त्यांनी तो धाडला नाही. का, हे त्यांना मलाही नीट सांगता आलं नाही. "हात उठला नाही," एवढंच म्हणाले होते. एकोणीस मिनिटं ते तो कागद घेऊन बसले. विसाव्या मिनिटाला दुसरा संदेश आला, आधीचा रद्द. कुठल्याशा सरावाचा संदेश चुकून खऱ्या तारेवर चढला होता. मग त्यांनी नोंदवहीत दोन्ही संदेश एकाच वेळी आल्याचं लिहिलं. म्हणजे हुकूम मोडला आणि वर नोंदही खोटी केली. उघड झालं असतं तर पदक, पेन्शन, अब्रू सगळं गेलं असतं, आणि मला हे सांगितल्याबद्दल गुपितांच्या कायद्याखाली तुरुंगही.

म्हणून मी काय नाही केलं! टेप लावला नाही. वहीत त्यांना 'मामा' म्हटलं. नवव्या दिवशी ती वही काकूंच्या बंबात घातली, "जुने कागद आहेत" असं सांगून. पुस्तकात हुद्दा गाळला, पलटण गाळली, वर्षं पुढेमागे केली. फक्त मागच्या तक्त्यात मुलाखतींची नोंद ठेवावी लागली, कारण तिच्याशिवाय आमच्यात कोणी विश्वास ठेवत नाही. 'अधिकारी क्रमांक सात : संपर्क विभाग, निवृत्त, दक्षिण महाराष्ट्र, जानेवारी, नऊ दिवस.'

नवऱ्याला असा सात पडद्यांआड लपवला आणि बायकोचं नाव-गाव घेऊन आभार मानले.

हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. पण आमच्यात पुस्तक लिहून झालं की लेखक ऋणनिर्देश लिहितो तेव्हा तो अभ्यासक राहत नाही, बारशाला आलेल्यांना पेढे वाटणारा बाप होतो. आणि वाचणारे? आमच्या क्षेत्रात पुस्तक पहिल्या प्रकरणापासून कोणी वाचत नाही. आधी ऋणनिर्देश वाचतात, कोण कोणाला भेटलं ते बघायला. मग मागचे तक्ते. हे मला ठाऊक होतं, कारण मीही तसंच वाचते.

"काका," मी खालच्या आवाजात म्हणाले, "घोटाळा झालाय. हे पान आणि मागचा तक्ता..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"प्रुफं पाठवली होतीस ना मला? मी प्रत्येक पान वाचलं. कोपऱ्यात वेळ टाकली, सवयीने. पान हाती आलं कधी, पुढे सोडलं कधी. एकेका पानाला दोन मिनिटं, तीन मिनिटं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "या अर्ध्या पानाला चाळीस लागली."

ती प्रुफं माझ्या टेबलावर पडून होती. कोपऱ्यातले आकडे मला पानांचे वाटले होते.

"मग खोडलं का नाहीत?"

"खोडायला पेन्सिल घेतली होती. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. काय वाचताय म्हणाली. म्हटलं, तुझं नाव छापून येतंय." ते खिडकीबाहेर बघत होते. "वृंदा, चाळीस वर्षं ही माझ्यामागून हिंडली. सतरा बदल्या. सगळीकडे ही 'मिसेस कर्नल', नाहीतर 'मेमसाब'. तिचं तोंड तू तेव्हा बघायला हवं होतंस. एकदा कागद अडवला होता मी. हा नाही अडवला."

"पण सैन्यातले लोक तुम्हाला शोधतील! दोन मिनिटांचं काम आहे त्यांचं. तुमच्या आडनावाचा संपर्क विभागातला दुसरा माणूस आहे का मिरजेत?"

"शोधू देत. चौसष्ट वर्षांचा झालोय. राहू दे पान."

"काय केलंसा तुम्ही?"

काकू दारात उभ्या होत्या. हातात शिऱ्याचं पातेलं तसंच, चमचा त्यात. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"काही नाही," काका म्हणाले.

"मला काही न्हाई सांगू नगा. चाळीस वर्षं 'काही न्हाई'च ऐकत आली. कोण शोधणार तुमाला?"

मग मी सांगितलं. माझा अधिकार नव्हता, पण सांगितलं. तो उन्हाळा, तो कागद, एकोणीस मिनिटं, खोटी नोंद. तीन-चार वाक्यांतच संपलं. काकूंनी पातेलं टीपॉयवर ठेवलं आणि खाली जमिनीवरच बसल्या.

"त्या उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या, "मी भावाच्या पोराच्या लग्नाला गेलती. तुमी नगं म्हनत असताना गेलती. परत आली तर ह्यो मानूस जेवंना, बोलंना. चार म्हैने. मला वाटलं, मी गेली त्येचा राग धरलाय. मी त्या दिवसापास्नं माझ्या म्हायेरला एक रात न्हाई ऱ्हायली, ठावं हाय का तुमाला? आई मेली तवा सुदिक दिस मावळायच्या आत परत आली."

काका उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांना खाली बसता येईना, गुडघे दुखायचे. ते तसेच वाकून उभे राहिले. "अगं, तुझा काय संबंध त्याच्याशी," असं काहीतरी म्हणाले.

"त्येच तर. मला काय ठावं?" काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून, आवाजच बदलला. "किती झाल्यात असली पुस्तकं?"

"तीनशे."

"कुटं हायती?"

"दिल्लीत. संस्थेच्या गोदामात. शनिवारी प्रकाशन आहे."

"काढ मग माझं नाव."

"राहू दे म्हटलं ना मी," काका म्हणाले.

"तुमी गप बसा! जलमभर मी तुमचं नाव घेतलं, सनावाराला उखाण्यात घेतलं. तुमी एकदाच माझं घेतलंसा आनि तेबी जेलात जायाला? फोन लाव गं पोरी."

फोन दिवाणाच्या शेजारी होता, वर क्रोशाचा रुमाल. मी संस्थेचा नंबर फिरवला तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती. आमचे संचालक सचदेव सर. बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत देते.

"सर, पुस्तकात एक चूक राहिली आहे. प्रती बाहेर जाऊ देऊ नका."

"काय सांगता, सोवनी! चाळीस प्रती पाकिटांत घालून तयार आहेत. पाचला कुरियर येतो. मंत्रालय, तिन्ही दलांची मुख्यालयं, वर्तमानपत्रं. शनिवारी लोक वाचून यायला हवेत."

तिन्ही मुख्यालयं.

"सर, नका पाठवू. प्लीज."

"कुठल्या पानावर चूक?"

पान सांगितलं की ते पान उघडणार. सर हुशार होते. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं, फक्त प्रस्तावना लिहिली होती. पण पान दाखवलं असतं तर दोन मिनिटं त्यांनाही पुरली असती.

"बऱ्याच ठिकाणी आहेत," मी म्हटलं.

"मग शुद्धिपत्र छापू. प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी."

"नको, नको! चिठ्ठी नको. सर, मी स्वतः येऊन एक पान कापते सगळ्यांतून."

"कापलेलं पान? मुख्यालयाला? अहो, कापलेलं पान दिसलं की त्यावर काय होतं हेच ते आधी शोधतील. छापखान्यात विचारतील. तुम्ही बऱ्या आहात ना? सोमवारी तुमची मुलाखत आहे. कायमच्या जागेची. मी समितीला सांगून ठेवलंय की पुस्तक बघा आणि काय ते ठरवा. आता कारण सांगा, नाहीतर मला काम आहे."

कारण. तेच तर सांगता येत नव्हतं. कारण सांगणं म्हणजे काकांना हातात बेड्या घालून त्यांच्यासमोर उभं करणं. आणि न सांगावं तर पाचचा कुरियर. समोर भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी. काकू जमिनीवरून माझ्याकडे बघत होत्या. काका बघत नव्हते. मी वेड्यासारखी एकेक खोटं उचलून बघत होते, तब्येत, बदनामीचा दावा, छपाई, आणि प्रत्येक खोट्यावर सर "मग बघू की कुठलं पान" म्हणतील हे दिसत होतं. असं एकच कारण हवं होतं, जे ऐकल्यावर त्या माणसाला पुस्तकाला हातसुद्धा लावावासा वाटणार नाही.

अकरा वर्षं त्या धंद्यात होते मी. असं कारण एकच असतं.

"सर," मी म्हटलं, "ते पुस्तक माझं नाही."

"म्हणजे?"

"मी चोरलंय. बाहेरच्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा प्रबंध होता, छापला न गेलेला. प्रकरणंच्या प्रकरणं उचलली आहेत. त्याला कळलंय. पुस्तक बाहेर पडलं तर तो संस्थेवर जाणार, आणि प्रस्तावना तुमची आहे."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू.

"फक्त तुम्हाला."

"तसंच राहू दे. एकही प्रत बाहेर जाणार नाही. सगळ्या लगदा करायला पाठवतो, आजच्या आज. प्रकाशन रद्द. तब्येतीचं कारण देऊ. तुम्ही राजीनामा टपालाने पाठवा. इथे येऊ नका." मग थांबून म्हणाले, "सोवनी, मला तुमच्याबद्दल... जाऊ दे." आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला, वर रुमाल नीट घातला. मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला स्वतःलाच ओळखू आला नाही. मी ओक्साबोक्शी रडले. अकरा वर्षं गेली म्हणून रडले, पुस्तक गेलं म्हणून रडले. ते चांगलं पुस्तक होतं हो, आणि त्यातली ओळ न् ओळ माझी होती.

सतरा बदल्यांमुळे काकूंना हिंदी कळायची. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. "चोर म्हनली स्वतःला," त्या काकांना सांगत होत्या, जणू त्यांना ऐकूच आलं नव्हतं. "पोरगी चोर म्हनली स्वतःला." काका खिडकीकडे तोंड करून ताठ उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. शिरा थंड झाला, पण काकूंनी तो आम्हा दोघांना खायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात काकूंनी बंब पेटवला. घरात ती एकच प्रत होती आणि तीही ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

"एकडाव वाच," त्या म्हणाल्या. "काल निम्मंच झालतं."

मी वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, आवाज न बसू देता. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. काका मोरीच्या दाराशी उभे होते. वाचून झाल्यावर काकूंनी पुस्तक घेतलं, पाठपुठ्ठा फाडला आणि पानं थोडी थोडी करून आत सारली. जाड कागद, लवकर पेट घेत नव्हता. त्या पाण्याने मी आंघोळ केली आणि गाडी पकडली.

पुढचं फार नाही. गुपित राखायचं ठरलं होतं, पण आमच्या क्षेत्रात गुपित राखता येत असतं तर मी त्यावर पुस्तक कशाला लिहिलं असतं? वर्षाच्या आत सगळीकडे झालं, सोवनीबाई चोर आहेत. चर्चासत्रांची बोलावणी बंद झाली. तासगावजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात अठरा वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. माझी आई जायच्या आधी महिनाभर अंथरुणावर होती. एकदा माझा हात धरून म्हणाली, "वृंदे, आता तरी सांग. खरंच का गं तू दुसऱ्याचं घेतलं होतंस?" काका तेव्हा जिवंत होते. मी म्हटलं, "हो आई." तिने हात सोडला नाही, पण तोंड भिंतीकडे फिरवलं. इतर सगळ्यांचं मला काही वाटत नाही. हे मात्र अजून सोसवत नाही.

दर संक्रांतीला मी मिरजेला जायची. काकू शेंगोळे करायच्या. त्या दुपारचा विषय आम्ही तिघांनी परत कधी काढला नाही. काकू मात्र माहेरी राहायला जाऊ लागल्या होत्या, चांगलं आठ-आठ दिवस. आधी काका गेले. चार वर्षांनी, गेल्या श्रावणात, काकूही गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. पेपरात दोन ओळी आल्या त्याही 'कै. कर्नलसाहेबांच्या पत्नी' अशाच.

आता त्या पानाने कोणाचं काही वाकडं होणार नाही. तीनशे प्रतींपैकी एकही उरली नाही, पण ते पान मला पाठ आहे.

'आणि सगळ्यात शेवटी, मिरजेच्या सौभाग्यवती हौसाबाई हिंदूराव इंगवले यांनी जानेवारीतले नऊ दिवस मला लेकीसारखं जेवू घातलं. त्यांच्या हातच्या कुळथाच्या शेंगोळ्यांचं ऋण या पुस्तकाने फिटणार नाही.'